पीटभूमीतला मिथेन आणि कार्बनची समस्थानिकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीटच्या नमुन्यांवर काम सुरू करणारे विद्यार्थी आणि त्या कामाचे आकडे वाचणारे अभ्यासक यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मार्सेल प्रायोगिक जंगलाची आहेत. तिथल्या एस-१ नावाच्या दलदलीत ‘स्प्रूस’ हा पीट तापवून पाहण्याचा प्रयोग २०१४ मध्ये सुरू झाला आणि मिथेन, समस्थानिकं व तापमान या तिन्हींचं इतकं सविस्तर काम फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

पीट म्हणजे काय? आपल्याकडे मिळतं ते कोकोपीट हेच का?

नाही. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातला भुसा. पीट साचतं ते कायम पाण्याने भरलेल्या जमिनीत. ऑक्सिजन खाली पोचत नाही, त्यामुळे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि वर्षाला फार तर एखाद मिलिमीटर या गतीने थर चढत जातो. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात हे काम मुख्यतः स्फॅग्नम नावाचं शेवाळ करतं. नर्सरीत ‘पीट मॉस’ म्हणून जे विकतात ते मात्र अशाच दलदलीतून खणून आणलेलं असतं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भाग पीटचा आहे, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी सुमारे एक तृतीयांश त्यात आहे.

पुढे दोन शब्द वारंवार येतील. फक्त पावसाच्या पाण्यावर जगणारी, पीएच ४ च्या आसपास असलेली दलदल म्हणजे ‘बॉग’. भूजल मिळणारी, कमी आम्ल आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींनी भरलेली ती ‘फेन’. दोन्हींतला मिथेन वेगळा वागतो.

मिथेन तयार कोण करतं?

गोबरगॅसच्या टाकीत जे करतात त्यांचेच भाईबंद, म्हणजे मिथेनजनक आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव). ते सरळ सेल्युलोज खात नाहीत. आधी दुसरे सूक्ष्मजीव वनस्पतींचे तुकडे करून साखरा, मग आम्लं, मग ॲसिटेट, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. या उरलेल्या मालावर मिथेनजनक जगतात. पीटमध्ये त्यांचे दोन मार्ग महत्त्वाचे. पहिल्यात ॲसिटेटचे दोन तुकडे होतात, एक मिथेनचा आणि एक कार्बन डायऑक्साइडचा. दुसऱ्यात एका कार्बन डायऑक्साइडला चार हायड्रोजन रेणू जोडून मिथेन आणि पाणी बनतं. सोयीसाठी पहिल्याला ‘ॲसिटेट मार्ग’ आणि दुसऱ्याला ‘हायड्रोजन मार्ग’ म्हणू.

यात समस्थानिकांचा काय संबंध?

समस्थानिकं म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ आणि १.१ टक्के कार्बन-१३ असतात. सूक्ष्मजीवांना हलका अणू हाताळायला सोपा जातो, म्हणून त्यांनी बनवलेल्या मिथेनमध्ये कार्बन-१३ कमी पडतो. हा फरक ‘डेल्टा-१३’ या मापाने सांगतात. नमुन्यातलं १३ आणि १२ चं गुणोत्तर आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या गुणोत्तराने भागा, १ वजा करा, १००० ने गुणा. उत्तर दर हजारी येतं, चिन्ह ‰. प्रमाणापेक्षा हलकं असेल तर उत्तर ऋण.

स्फॅग्नम, लव्हाळा, झाडं यांचं मूल्य साधारण −२७‰ च्या आसपास. ॲसिटेट मार्गाचा मिथेन साधारण −५० ते −६५‰, हायड्रोजन मार्गाचा −६० ते −११०‰. हवेतला मिथेन −४७.५‰ च्या जवळपास असतो.

माझ्या नमुन्यात मिथेन −६२‰ आला. कोणता मार्ग?

एवढ्यावरून सांगता येत नाही. वरचे दोन पल्ले −६० ते −६५ मध्ये एकमेकांवर चढलेले आहेत, आणि हायड्रोजन मार्गाचा मिथेन ज्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो त्याचंच मूल्य जागोजागी बदलतं. म्हणून त्याच बाटलीतल्या कार्बन डायऑक्साइडचंही डेल्टा-१३ मोजा आणि दोघांमधला भेद ‘अल्फा’ काढा:

अल्फा = (कार्बन डायऑक्साइडचं डेल्टा + १०००) ÷ (मिथेनचं डेल्टा + १०००)

समजा दोन नमुन्यांत मिथेन −६२‰ च आहे. पहिल्यात कार्बन डायऑक्साइड −२२‰. मग ९७८ ÷ ९३८ = १.०४३. दुसऱ्यात तो −५‰. मग ९९५ ÷ ९३८ = १.०६१. ढोबळ हद्द १.०५५ धरतात: तिच्या खाली ॲसिटेट मार्गाचं वजन जास्त, वर हायड्रोजन मार्गाचं. मिथेनचा आकडा एकच, निष्कर्ष मात्र उलटे. नुसत्या मिथेनच्या आकड्यावर मार्ग ठरवणारा आलेख समोर आला तर कार्बन डायऑक्साइडचा स्तंभ मागून घ्या. तो नसेल तर मार्गाबद्दलचं विधान धरू नका.

हद्दीच्या आसपासचे आकडे, म्हणजे १.०५० ते १.०६०, मिश्रण म्हणूनच लिहावेत. त्यांतून ‘६३ टक्के ॲसिटेट’ असे नेमके भाग काढणं आम्हाला पटत नाही.

अल्फा कमी आला म्हणजे ॲसिटेट मार्ग नक्की ना?

पृष्ठभागाजवळ असाल तर नाही. पाणीपातळीच्या आसपास मिथेन खाणारे जीवाणू असतात. तेही हलका अणू आधी उचलतात, त्यामुळे उरलेला मिथेन जड होतो आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड हलका. दोन्ही बाजूंनी अल्फा खाली ओढला जातो आणि चित्र हुबेहूब ॲसिटेट मार्गासारखं दिसतं. या विषयात सर्वांत जास्त फसगत इथेच होते.

ओळखण्याच्या खुणा: मिथेनची संहती वर येताना झपाट्याने घटते आहे आणि त्याच थरात डेल्टा जड होतो आहे, तर ऑक्सिडेशनचा, म्हणजे मिथेन वाटेत खाल्ला जाण्याचा संशय घ्या. शक्य असेल तर मिथेनमधल्या हायड्रोजनची समस्थानिकंही मोजा. ऑक्सिडेशनमध्ये कार्बन आणि हायड्रोजन दोन्ही एकाच वेळी जड होतात. नुसता मार्ग बदलला तर कार्बन जड होताना हायड्रोजन हलका होतो. हे मोजमाप महाग आहे, पण वरच्या ३० सेंमीबद्दल ठाम बोलायचं असेल तर पैसे इथे घाला.

खोल पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडवरून आणखी काय कळतं?

बरंच काही. आम्हाला हा हिशेब सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण मिथेन बुडबुड्यांतून निघून जातो, पण कार्बन डायऑक्साइड पाण्यात बराच मागे राहतो आणि हिशेबाचा पुरावा जपतो.

साखरेसारखा पदार्थ ऑक्सिजनशिवाय पूर्ण मोडला तर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड समसमान निघतात. मूळ पदार्थ −२६‰ आणि मिथेन −६२‰ असेल, तर समतोलासाठी त्याच्या जोडीचा कार्बन डायऑक्साइड +१०‰ असायला हवा, कारण दोघांची सरासरी −२६ यायला हवी. आता पाण्यात प्रत्यक्ष मोजला तो −८‰ निघाला. म्हणजे त्यात मिथेनशी संबंध नसलेला, मूळ पदार्थाच्याच मूल्याचा (−२६‰) कार्बन डायऑक्साइड मिसळला आहे. +१० आणि −२६ यांच्या मध्ये −८ बरोबर अर्ध्यावर आहे, म्हणून निम्मा मिथेनच्या जोडीचा आणि निम्मा दुसरीकडचा. याचा अर्थ त्या खोलीवर एकूण कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन २:१ प्रमाणात तयार झाले.

पुढची पायरी अशी: मिथेनच्या जोडीचा कार्बन डायऑक्साइड जितका, तितकाच मिथेन तयार झालेला असणार. पाण्यात विरघळलेला मिथेन त्याहून कमी भरला तर उरलेला बुडबुड्यांतून किंवा लव्हाळ्याच्या पोकळ देठांतून निसटला. फेनमध्ये हा तोटा सहसा मोठा असतो.

बॉगमध्ये गुणोत्तर १:१ पेक्षा पुष्कळ वर असतं. ह्युमिक पदार्थ (वनस्पती कुजून बनलेले काळपट सेंद्रिय पदार्थ) इलेक्ट्रॉन ओढून घेतात, शिवाय असंपृक्त सेंद्रिय रेणूंना हायड्रोजन जोडला जातो. दोन्हींमुळे मिथेनच्या वाट्याचा माल दुसरीकडे जातो.

पीटमधलं पाणी कसं काढायचं?

ठरलेल्या खोलीवर छिद्रं असलेली बारीक नळी (पिएझोमीटर) पीटमध्ये रोवतात. ती आधी रिकामी उपसा, नव्याने भरू द्या, मग पाणी घ्या, नाहीतर नळीत साचलेलं, हवेच्या संपर्कात आलेलं पाणी मोजाल. ६० मिलिलीटरची सिरिंज आणि तिहेरी तोटी लावून पाणी सावकाश ओढा. जोर लावला तर सिरिंजमध्ये निर्वात होतो आणि विरघळलेला मिथेन बुडबुडे होऊन सुटतो. सिरिंजच्या काचेवर मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरलेले दिसले, तर वेग जास्त झाला. ते बुडबुडे फेकू नका, पाण्यासह बाटलीत जाऊ द्या आणि वहीत नोंदवा.

मग ०.७ मायक्रोमीटर काचतंतूच्या गाळणीतून पाणी गाळून, आधीच निर्वात केलेल्या आणि ब्युटाइल रबराच्या जाड बुचाने बंद केलेल्या काचेच्या बाटलीत सुईने सोडायचं. १२० मिलिलीटरच्या बाटलीत ६० मिलिलीटर पाणी हे प्रमाण सोयीचं. त्यात २० टक्के फॉस्फोरिक आम्ल १ मिलिलीटर. बाटली उलटी करून थंडीत ठेवा. उलटी असली की बुचाला वायू नव्हे, पाणी टेकतं आणि गळती मंदावते. गोठवणार असाल तर मात्र पाणी बाटलीच्या निम्म्याहून जास्त नको, काच तडकते.

आम्ल कशासाठी?

दोन कामांसाठी. सूक्ष्मजीव थांबतात, आणि पाण्यातला सगळा बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन मोजता येतो. बॉगचं पाणी मुळातच आम्ल असतं, तिथे फरक थोडा. फेनमध्ये आम्ल विसरलात तर कार्बन डायऑक्साइडचा आकडा अर्ध्याहून कमी येऊ शकतो. पूर्वी यासाठी मर्क्युरिक क्लोराइड घालत. ते जहाल विष आहे आणि त्याची विल्हेवाट डोकेदुखी आहे. आम्लाने काम होत असताना ते दलदलीत नेऊ नका.

बाटलीतल्या पाण्यावरच्या वायूतून पूर्ण संहती कशी काढायची?

बाटलीत हेलियम भरून दाब वातावरणाइतका करा, जोरात हलवा, काही तास स्थिरावू द्या. २५ °से.ला निम्मं पाणी आणि निम्मा वायू असेल तर मिथेनचा सुमारे ९७ टक्के भाग वायूत येतो, पाण्यात ३ टक्केच उरतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही: सुमारे ४५ टक्के पाण्यातच राहतो. मिथेनच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष झालं तरी निभावतं, कार्बन डायऑक्साइडच्या झालं तर गुणोत्तर जवळपास निम्म्यावर येतं. पीटमध्ये मिथेन भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड कमी असा धक्कादायक निकाल आला, तर आधी ही दुरुस्ती केली आहे का ते पाहा.

बाटलीत थोडी हवा गेली तर नमुना वाया का?

हवेतला मिथेन जेमतेम १.९ पीपीएम असतो. खोल पाण्याच्या नमुन्यात हजारोंनी पीपीएम असतात, त्यामुळे मिसळण्याने डेल्टा हलत नाही. धोका ऑक्सिजनचा आहे. आम्ल घातलेलं नसेल तर मिथेन खाणारे जीवाणू वाटेतच कामाला लागतात. आम्ल घातलेल्या नमुन्यात हवा शिरली तर घाबरू नका, न घातलेल्यात शिरली तर तो आकडा वगळा.

पृष्ठभागावरून निघणारा मिथेन मोजताना काय चुकतं?

पाय. दलदलीवर एक पाऊल टाकलं की खालच्या पीटवर दाब येतो आणि अडकलेले बुडबुडे सुटतात. मोजण्यासाठी पृष्ठभागावर पालथ्या ठेवलेल्या बंद पेटीतली संहती एका झटक्यात चढते आणि मग सपाट राहते. म्हणून फळ्यांची वाट हवी, पेटीची कड (कॉलर) निदान काही दिवस आधी रोवलेली हवी, आणि पेटी ठेवताना त्या बाजूला वाकू नका. ३० ते ४० मिनिटांत चार-पाच वाचनं घ्या. रेघ सरळ चढत नसेल तर त्या वाचनाला विसरणाचा दर म्हणू नका, बुडबुडा म्हणून वेगळं नोंदवा.

निघालेल्या मिथेनचं डेल्टा काढायला कीलिंग आलेख: आडव्या अक्षावर १ ÷ संहती, उभ्यावर डेल्टा. रेघ उभ्या अक्षाला छेदते तो आकडा उगमाचा. पेटीतली संहती हवेच्या किमान दुप्पट होईपर्यंत थांबा, नाहीतर छेद कुठेही जातो.

लव्हाळा किंवा एरिओफोरम (कापूसगवत) असलेला तुकडा आणि नुसत्या स्फॅग्नमचा तुकडा वेगवेगळे मोजा. पोकळ देठांतून आलेला मिथेन ऑक्सिडेशनचा थर टाळून येतो.

प्रयोगशाळेत पीट उबवताना दर इतका कमी-जास्त का येतो?

बहुतेक वेळा ऑक्सिजन लागल्यामुळे. कोअर (पीटमधून उभा कापून काढलेला नळकांड्यासारखा नमुना) बाहेर काढल्यावर बाहेरचा थर हवेत राहिला तर मिथेनजनक मार खातात आणि कित्येक आठवडे मिथेन दिसत नाही. कोअर लगेच हवाबंद पिशवीत घाला, कडेचा भाग काढून टाका, नायट्रोजन भरलेल्या पेटीतच काप करा. १२० मिलिलीटरच्या बाटलीत १० ते २० ग्रॅम ओलं पीट आणि त्याच खोलीचं पाणी. १५ मिनिटं नायट्रोजन सोडा, बाहेर जाणारी दुसरी सुई लावून. अंधारात, जागेवरच्या तापमानाला ठेवा.

पहिल्या आठवड्यांतला कार्बन डायऑक्साइड जास्तच येतो, कारण उरलेले इलेक्ट्रॉन-ग्राही (इलेक्ट्रॉन ओढून घेणारे पदार्थ) आधी संपतात. मिथेनची रेघ सरळ झाल्यावरचाच भाग वापरा. आणखी एक नेहमीची चूक: १०० मिलिलीटर वायूतून ५ मिलिलीटर काढून तितकाच नायट्रोजन परत भरला तर दर वेळी ५ टक्के पातळ होतं. सहा वेळा मोजून ही दुरुस्ती विसरलात तर शेवटी शेवटी दर चक्क चतुर्थांशाच्या आसपास घटलेला दिसेल.

मार्ग तपासायला मिथिल फ्लोराइड वापरतात. १ टक्क्याच्या आसपासच्या प्रमाणात ते मुख्यतः ॲसिटेट मार्ग अडवतं. जास्त झालं तर दोन्ही अडतात.

खोल पीटमधला हजारो वर्षांचा कार्बन तापमानवाढीने मिथेन होऊन बाहेर येतोय का?

लोक हे भीतीने विचारतात, आणि भीती रास्त आहे. उत्तर कार्बन-१४ या अत्यल्प प्रमाणात असलेल्या, किरणोत्सर्गी समस्थानिकाने मिळतं. जुन्या पीटमध्ये तो झिजलेला असतो. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ १९६३-६४ च्या सुमारास उत्तर गोलार्धात जवळपास दुप्पट केला, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या वनस्पती ओळखू येतात.

मिनेसोटातल्या दलदलींत एक गोष्ट आधीपासून दिसली होती: खोलवरचं पीट जितकं जुनं, त्याच खोलीवरचा मिथेन तितका जुना नसतो. तो पाण्यात विरघळून वरून खाली झिरपलेल्या ताज्या सेंद्रिय कार्बनकडे झुकतो, फेनमध्ये तर फारच. स्प्रूसमध्ये सुमारे १२ मीटर व्यासाच्या १० कुंपणांत, भोवतालच्यापेक्षा जास्तीत जास्त ९ °से.ने जास्त, पीट तापवलं. जून २०१४ पासून आधी फक्त खोल पीट, ऑगस्ट २०१५ पासून हवाही. पहिल्या १३ महिन्यांत पृष्ठभागावरचा मिथेन तापमानासोबत वाढला, पण तो वरच्या थरातला होता. खोल कार्बन जागेवर राहिला आणि कार्बन-१४ अलीकडच्या प्रकाशसंश्लेषणाकडेच बोट दाखवत होता. पुढच्या वर्षांत संपूर्ण परिसंस्था तापवल्यावर मिथेन आणखी वाढला आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन यांचं गुणोत्तर घसरलं, म्हणजे मिथेनचा वाटा चढला. तापवलेल्या कुंपणांत दलदल कार्बन साठवणारी राहिली नाही, गमावणारी झाली.

तेव्हा ‘खोल साठा सुरक्षित, काळजी नको’ असा अर्थ कृपया काढू नका. ताज्या कार्बनचा मिथेनही २० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो.

मिथेन इतका हलका असतो, मग कार्बन-१४ वय चुकीचं येणार नाही का?

नाही. प्रत्येक निकाल डेल्टा-१३ वापरून −२५‰ वर आणूनच जाहीर होतो. फक्त प्रयोगशाळेला तुमचं खरं डेल्टा-१३ कळवा.

कार्बन-१४ साठी किती पाणी लागतं?

एका मोजणीला १ मिलिग्रॅम कार्बन धरा. तो म्हणजे सुमारे २ मिलिलीटर शुद्ध मिथेन. पाण्यात अर्धा मिलिमोल प्रति लिटर मिथेन असेल तर सुमारे १७० मिलिलीटर पाणी. पृष्ठभागाजवळ संहती दहापट कमी असली तर १.७ लिटर. दलदलीत जाण्याआधी हा गुणाकार करा.

गोठलेली जमीन वितळते तिथे काय दिसतं?

स्वीडनमध्ये आबिस्कोजवळच्या स्टोर्डालेन इथे वितळण्याच्या पायऱ्या शेजारी-शेजारी दिसतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात स्फॅग्नमच्या टप्प्यावर निघणारा मिथेन सुमारे −८०‰, तर पूर्ण वितळून एरिओफोरम आलेल्या भागात सुमारे −६६‰ होता. म्हणजे हायड्रोजन मार्गाकडून ॲसिटेट मार्गाकडे सरकणं. अनेक जागतिक प्रतिमानांत पाणथळ जागांना एकच ठरावीक डेल्टा देतात, त्या सोयीला हा निकाल धक्का देतो. २००७ पासून हवेतला मिथेन वाढतो आहे आणि त्याचं डेल्टा हलकं होत आहे, त्यामुळे हे आकडे नीट असणं फार गरजेचं झालं आहे.

भारतात, महाराष्ट्रात असं काही आहे का?

सह्याद्रीच्या सड्यांवर पाणी चार महिने तुंबतं आणि उन्हाळ्यात सगळं वाळून कुजतं, त्यामुळे जाड पीट साचत नाही. निलगिरीत २००० मीटरच्या वरच्या खोऱ्यांत मात्र आहे. तिथल्या पीटच्या डेल्टा-१३ वरून रामन सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हजारो वर्षांच्या पावसाचा चढउतार वाचला. कोरड्या काळात −१२‰ च्या आसपासची गवतं वाढतात, ओल्या काळात −२७‰ च्या जवळच्या वनस्पती, आणि पीट ती नोंद धरून ठेवतं. निलगिरीत मिथेनचं काम करायचं असेल तर हे ध्यानात ठेवा: मूळ पदार्थ −२६‰ आहे हे गृहीत तिथे चालणार नाही, प्रत्येक थराचं डेल्टा मोजावं लागेल.

कोकणातल्या भातखाचरात सूक्ष्मजीव आणि मार्ग हेच आहेत. पाणी काढण्याची, आम्लाची, पेटीची वर दिलेली पद्धत तिथे जशीच्या तशी वापरता येते. चिखलात पाय टाकल्यावर बुडबुडे सुटतात तेही तसेच.

निकाल लिहिताना काय द्यायलाच हवं?

पाणीपातळीपासूनची आणि पृष्ठभागापासूनची, दोन्ही खोली, कारण दलदलीत उंचवटा आणि खळगा यांत सहज २०-३० सेंमीचा फरक असतो. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्हींची संहती आणि डेल्टा. पाण्याचं तापमान, पीएच, आम्ल कधी घातलं, बाटली किती दिवस ठेवली. उपकरण लेझरचं असेल तर हायड्रोजन सल्फाइड आणि बाष्प काढलं होतं का तेही, कारण दोन्हींमुळे आकडा सरकतो. वगळलेले नमुने आणि वगळण्याचं कारण वेगळ्या तक्त्यात.